दुरुस्तीचा रकाना

रविवार, २६ जून २०१६. सकाळी ७.१०
नव्या काट्यावर बाबांचं वजन ५३.८ किलो. आजपासून रोज याच वेळी, पेज घेण्याआधी. त्यासाठी वेगळी छोटी वही केली. रकाने चार: तारीख, रीडिंग, पट्टा वजा, दुरुस्ती.

बाबा कमरेचा पट्टा काढत नाहीत, उभं राहिलं की पाठ धरते. पट्टा वेगळा मोजला: ०.४. तेवढे रोज वजा करायचे, इथला आकडा वजा करूनच लिहायचा. बाबा म्हणाले, "खाणीर रिकामो ट्रक दर फेरीक मोजूचो लागता." एकतीस वर्षं ते खाणीच्या काट्यावर होते, सवय जात नाही. ट्रकात चिखल राहतो, डिझेल कमी होतं. पट्ट्यात काय बदलणार.

डॉक्टरांचं म्हणणं: वजन पन्नासच्या वर टिकलं तर औषध चालू ठेवायचं. खाली गेलं तर औषध थांबवायचं, घरीच आराम. पुढची तारीख २८ जुलै. हातात ३.८ किलो आहेत. काळजी करण्यासारखं नाही. मी करतही नाही. मी फक्त नोंद ठेवते.

८ जुलैला नवा सुपरहिरोचा सिनेमा लागतोय. बाबा आणि मी असले सिनेमे पहिल्याच दिवशी बघतो, हा अठरावा. ठरलं: शुक्रवार, पणजी, पहिला शो, संदीपची गाडी.

शुक्रवार, १ जुलै. ७.१०
५३.१.
हॉलची लादी समतल नाही. लेव्हल लावून पाहिली, बुडबुडा पूर्वेला सरकतो. दुरुस्ती +०.२. काल रात्री ते जेवले नाहीत, त्याचे +०.५. एकूण ५३.८. म्हणजे काही बदल नाही.

संदीप वर्कशॉपमध्ये माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. आम्ही दोघं साखळी-डिचोलीतल्या दुकानांचे काटे तपासतो. तो म्हणाला, वीस किलोचं प्रमाण वजन घरी ने, काट्यावर ठेव, पाच मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, वजन बाहेर न्यायला साहेबांची सही लागते. तो म्हणाला, सही मी आणतो. मी म्हटलं, पावसात गंज धरेल. वजन स्टेनलेस स्टीलचं आहे.

बुधवार, ६ जुलै. ७.१५ (पाच मिनिटं उशीर, बाबांना उठायला वेळ लागला)
५२.३.
दुरुस्ती +१.५. लादी ०.२, जेवण ०.५, बॅटरी उतरली असणार त्याचे ०.३, हवेतला दमटपणा ०.५. दमटपणाने काट्यावर एवढा परिणाम होतो असं पुस्तकात नाही. पुस्तक पुण्यात लिहिलेलं आहे.

आई पेज गाळता गाळता म्हणाली, "काटो बरो असा गो. माणूस बारीक झालो." लुंगीला आता दोन घड्या जास्त पडतात, असंही म्हणाली. घडी हे माप नव्हे, असं तिला सांगितलं.

शुक्रवार, ८ जुलै. दुपारी २.००
गेलो नाही. बाबांना सकाळी दोनदा उलटी झाली. ५२.१. तिकिटं संदीपने ग्रुपवर देऊन टाकली.

नवा नियम: रीडिंग ५३.० झालं की सिनेमा. दुरुस्ती न धरता. बाबांनी विचारलं, दुरुस्ती धरून तर आताच चौपन्नापर्यंत जातं ना. मी म्हटलं, प्रवासाला दुरुस्ती चालत नाही. ते हसले आणि कुशीवर वळले.

संध्याकाळी ७.३०
आमच्या ‘पहिला दिवस’ ग्रुपवर (साखळी ते पणजी, एकोणीस जण) प्रतिक्रिया आल्या. हिरो सामान हलवणारा हमाल आहे. तो ज्याला हात लावेल त्याचं वजन चाळीस सेकंद नाहीसं होतं. जग वगैरे वाचवत नाही. शेजारच्या म्हातारीचं शिवणयंत्र एका कंपनीने जप्त केलेलं असतं, ते चोरून परत आणतो. एवढंच. पहिल्या दिवसाची मतं:
संदीप: चोरी इतकी छोटी की पोलिसांनी तक्रारसुद्धा घेतली नसती.
गौरवी (माझी डिप्लोमाची मैत्रीण, आता पणजीत): खूप क्यूट. शेवटी रडले, का ते माहीत नाही.
गोकुळदास: तीनशे रुपयांत निदान एक शहर तरी पडायला हवं होतं.

मी सिनेमा न बघता एक तांत्रिक हरकत नोंदवली: वजन नाहीसं होतं म्हणजे जातं कुठे? तेवीस उत्तरं आली. एकही समाधानकारक नाही.

शनिवार, ९ जुलै. ७.१०
५१.९. दुरुस्ती +१.९.
बाबांना हरकत सांगितली. ते लगेच म्हणाले, "खय जाता म्हणजे? दुसऱ्या ट्रकात." काट्यावर वजन कमी भरलं की ते कायम दुसऱ्या ट्रकात सापडायचं म्हणे. हे उत्तर ग्रुपवर टाकलं. एकोणीसपैकी अकरा जणांनी अंगठा दाखवला. बाबांना आकडा सांगितला. दिवसभर खूश होते, अर्धी वाटी पेज जास्त गेली.

ठरलं: रोज वजन करताना प्रतिक्रिया वाचून दाखवायच्या. कथा सांगायची नाही, फक्त लोकांची मतं. सिनेमा त्यांना नवाच राहिला पाहिजे.

सोमवार, ११ जुलै. ७.१०
५१.६. दुरुस्ती +२.२. रकान्यात कारणं मावत नाहीत, समासात लिहिली.

आज माझ्याकडून चूक झाली, कथा फुटली. गोकुळदासने लिहिलं होतं: तिजोरीच्या खोलीची जमीनच काटा आहे, गेलेलं वजन आणि आलेलं वजन जुळलं नाही तर घंटा होते, आणि हिरो ते खिशातले दगड ठेवून जुळवतो, हे साफ अशक्य आहे. मी सगळं वाचून गेले. बाबा काट्यावरच थांबले. म्हणाले, "अशक्य कित्याक?" मग म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं.

मंगळवार, १२ जुलै. ७.१०
५१.९. वाढ ०.३. पंधरा दिवसांत पहिली.
कालची दुरुस्ती बहुधा गरजेपेक्षा कमी धरली होती.

गुरुवार, १४ जुलै. ७.१०
५२.४.
औषध लागू पडतंय. दुरुस्ती शून्य करून टाकली, काटा आता स्थिर झालाय. नवीन काट्याला पहिले दोन आठवडे लागतातच. आधीची घट ही काट्याची होती, बाबांची नव्हती. हे मी पहिल्यापासून म्हणत होते, वहीत पुरावा आहे.

वजन करताना बाबा आता स्वतःच म्हणतात, "फोन काढ. लोक काय म्हणतत?" मी वाचते, ते उभे राहतात. मग रीडिंग तेच मोठ्याने सांगतात आणि मी लिहिते. वेळ वाचतो.

आईला वाढ सांगितली. ती पाठमोरी होती. "बरा झाला," म्हणाली, आणि सुईत दोरा ओवत राहिली.

शनिवार, १६ जुलै. ७.१०
५२.८.
आलेख काढला. याच दराने २८ जुलैला ५५.२. डॉक्टरांना आलेख दाखवायचा. हॉस्पिटलच्या काट्यावर या वर्षाचा शिक्का आहे की नाही तेही बघायचं. नसेल तर त्याचं रीडिंग मान्य करायचं नाही.

बाबा खोलीपासून हॉलपर्यंत येताना आता दोनदा बसतात. वजन वाढलं की गुडघ्यांवर भार येणारच.

सोमवार, १८ जुलै. ७.१०
५३.१. नियम पूर्ण झाला.
सिनेमा गुरुवारपर्यंतच आहे. बुधवारी दुपारच्या शोची तीन तिकिटं काढली. संदीपला ५३.१ सांगितलं. तो म्हणाला, "अंकिता, मी काल त्यांना व्हरांड्यात पाहिलं." मी त्याला आलेख पाठवला.

बुधवार, २० जुलै. सायंकाळी ६.४०
सकाळचं रीडिंग ५३.२.

क्रमाने लिहिते.

बाबांनी पांढरा शर्ट घातला, खाणीच्या काट्यावरच्या शेवटच्या दिवशी घातला होता तोच. कॉलरमध्ये मान सैल फिरत होती. गाडीतून दरवाजापर्यंत संदीपने धरून आणलं. दारावरचा गार्ड बाहेरचं खाणं कुणी आणलंय का ते तपासत होता. त्याचा हात बाबांच्या पट्ट्याला लागला. "काका, हे काय?" बाबा म्हणाले, "पट्टो. पाठीचो." गार्ड म्हणाला, एवढा जड? पट्टा उघडायला लावला. आतल्या बाजूने कापडाचे कप्पे शिवलेले होते. टाका आईचा, दुहेरी. त्यातून एकेक करून सात दगड निघाले. तांबूस काळे, हातात घेतले की दिसतात त्याहून जड. खाण बंद झाली तेव्हा आठवण म्हणून बाबांनी घरी आणले होते. आमच्या तुळशीखाली असायचे. दहा दिवसांत तिथे माझं लक्ष गेलं नव्हतं.

गार्डने भिंतीवरची यादी वाचली. वडापाव, चिप्स, पाण्याची बाटली. दगडाबद्दल काही लिहिलेलं नाही. त्याने ते टेबलावर मांडले आणि जाताना घेऊन जा म्हणाला.

मी दगड परत मोजले. बाबाच म्हणाले, "वीस टनाच्या ट्रकात लोक दोनशे किलो चिखल घालून येयत. मी सगळ्यांका पकडलंय. तू काट्याचा शिकलंस, तुका येक म्हातारो पकडूक गावलो नाय?"

संदीप पोस्टरकडे तोंड करून उभा राहिला.

मी विचारलं, का. ते म्हणाले, "तुझी वही बघलंय. तू रोज दुरुस्ती करी होतंस. रकान्यात जागा रवली नव्हती. म्हणान मीय थोडी केलंय."

मग सिनेमा बघितला. तिकिटं काढलेली होती.

बाबा पहिला तास जागे होते. दोनदा हसले, दुसऱ्यांदा मोठ्याने. काट्याच्या जमिनीचा प्रसंग आला तेव्हा खुर्चीत पुढे सरकले. मग माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपले. शिवणयंत्र परत आलं तेव्हा झोपेतच होते. नावं सरकायला लागल्यावर जागे झाले, आणि आम्ही नेहमीप्रमाणे अगदी शेवटच्या नावापर्यंत बसलो. झाडणारे आले तरी.

बाहेर आल्यावर मत विचारलं. म्हणाले, "बरो असा. पण चाळीस सेकंद खूप झाले. माका दहा पुरले."

सात दगड, एकूण २.८. ५३.२ वजा २.८.

गुरुवार, २१ जुलै. ७.१०
५०.४. पट्ट्याशिवाय. आईने धरलं होतं, वाचताना हात सोडायला सांगितलं.

संदीप न विचारता प्रमाण वजन घेऊन आला. सही आणली होती. हॉलच्या त्याच लादीवर ठेवलं: २०.०. उचलून परत ठेवलं: २०.०. पूर्वेच्या कोपऱ्यात ठेवलं: २०.०. रीतसर तीन वेळा. काट्यात दोष नाही. पहिल्या दिवशीही नव्हता. एक तारखेला ठेवलं असतं तरी हेच आलं असतं, आणि ते मला एक तारखेला माहीत होतं.

संदीप चहा न घेता गेला. आई दगड धुऊन तुळशीखाली ठेवत होती. तिला विचारलं, शिवून का दिलंस. ती म्हणाली, "तेंका तुझ्यावांगडा पिक्चराक जावचा होता. आणि तू वही मिटलंस की तेवढो येळ हसतंस."

गुरुवार, २८ जुलै. दुपारी ३.२०
हॉस्पिटलच्या काट्यावर शिक्का याच वर्षाचा आहे. रीडिंग ४९.७. आमच्या घरच्या काट्यावर सकाळी ४९.७.

आलेख पिशवीत होता, काढला नाही. औषध थांबवलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना जे आवडतं ते करू द्या. चवथीच्या गणपतीपर्यंतचं विचारलं. ते म्हणाले, आज सांगता येत नाही.

परत येताना बाबा गाडीत पुढे बसले. साखळीच्या पुलावर म्हणाले, काट्यावर चुकीची पावती झाली तर ती फाडायची नसते. आडवी रेघ मारायची, खाली सही करायची, पुढची पावती नीट लिहायची. हे त्यांनी मला लहानपणीही सांगितलं होतं.

शुक्रवार, २९ जुलै. ७.१०
छोट्या वहीत दुरुस्तीच्या रकान्यात २६ जूनपासून खालपर्यंत प्रत्येक आकड्यावर आडवी रेघ मारली. सही केली. बाबांनी वही मागून घेतली आणि माझ्या सहीखाली आपली केली, साक्षीदार म्हणून. त्यांची सही अजून सरळ आहे.

४९.६. दुरुस्ती नाही.

काट्यावर उभे असतानाच त्यांनी विचारलं, "आज लोक काय म्हणतत?" सिनेमा उतरून आठ दिवस झाले. ग्रुपवर आता दुसऱ्याच सिनेमाच्या ट्रेलरबद्दल बोलणं चाललंय, या सिनेमाबद्दल कुणी काही लिहिलेलं नाही. मी फोन काढला आणि चार प्रतिक्रिया वाचून दाखवल्या. गौरवीची एक, गोकुळदासची एक, संदीपची एक. चौथी कुणा नव्या माणसाची: वजन कुठे जातं ते मला कळलं, पण ते ग्रुपवर लिहिण्यासारखं नाही.

बाबांनी आईचा खांदा धरून पाय खाली ठेवला. म्हणाले, "ह्यो चौथो माणूस काट्यार काम केलेलो दिसता."