ड्रेनचं तोंड

मंगळवार, संध्याकाळ. जामखेड.

रशीदभाईंचे दोन्ही पाय भाजले. आज प्लांटमध्ये पहिल्यांदा वाफ सोडली आणि मुख्य लाईनच्या ड्रेनमधून, म्हणजे साचलेलं पाणी बाहेर काढायच्या नळीतून, उकळतं पाणी थेट चालायच्या वाटेवर आलं. तिथून नेमके तेच चालले होते.

महिन्यापूर्वी त्यांनीच मला सांगितलं होतं, "मॅडम, ह्या ड्रेनचं तोंड वाटेवर येतंय. फिरवून घेऊ, दोन तासाचं काम हाय." पाथर्डीचे फिटर, वीस वर्षं पाईप जोडतायत. मी मान वर न करताच म्हणाले, "ड्रॉइंग मंजूर झालंय. आता बदल नको." दोन तास फक्त! पाइपिंगची प्रमुख मी, ड्रॉइंगवर सही माझी. का नाही ऐकलं? ऑफिसात पुन्हा मंजुरी मागायची लाज वाटली, एवढंच ना?

दुपारी साइट मॅनेजरने अहवालात लिहिलं, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. मी वाचलं. तसाच परत दिला.

मग दवाखान्यात गेले. रशीदभाईंची बायको बाहेर बाकावर बसली होती. मला बघून उठली, माझे दोन्ही हात धरले. "मॅडम, तुमी सोता आल्या. बाकी कोनी फिरकलं न्हाई. लई उपकार झाले."

"काळजी घ्या," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले.