खडूच्या जमिनीतलं कलम

उमरोळी,
८ डिसेंबर २०२४

चि. हेमांगीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोहोचलो. फोनवर मला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरतो, म्हणून पत्र. तुझ्याकडचे दिवस छान गेले, डाळ सोडून. इतक्या शिट्ट्या होऊनही कच्चीच राहणारी डाळ मी जन्मात पाहिली नव्हती. तू बिकानेरच्या पाण्याला दोष दिलास, मी अजून तुझ्या कुकरलाच देतो.

आता मुद्द्याचं. तुझ्या सरकारी क्वार्टरच्या मागल्या दाराशी चिकूचं कलम लावून आलोय, ते तुझ्या आईच्या झाडाचं. लग्न होऊन आली त्या वर्षी तिने ते झाड लावलं. वाडीतली बाकी झाडं माझी आणि ते एक तिचं, असं ती जाईपर्यंत चाललं. कलमाला रोज सकाळी आळं भरून पाणी घाल. हात आखडता घेऊ नकोस. जमीन कुठलीही असो, पोटभर पाणी मिळालं की झाड धरतं. आणि कुंडीत हलवायचं मनातही आणू नकोस. तुझी आई कुंडीला झाडाचा तुरुंग म्हणायची.

पालघरला बदलीचा अर्ज कर. त्या मेंढ्यांच्या कुरणात माती तपासत बसण्यात तुझं काय ठेवलंय? तुझा भाऊ सुट्टीच्या दिवशी तुझी खोली रंगवतोय. नीलेशच्या हातून इतकं काम कधी होत नाही, ते वाया घालवू नकोस.

तुझे,
बाबा


बिकानेर,
२० फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

तुमच्या शब्दाखातर रोज आळं भरलं, थंडीत कलमाला गोणपाट पांघरलं. आणि या सोमवारी मागल्या दारची पायरी खचली. कलमाखाली घमेलं बसेल एवढा खड्डा पडलाय आणि ते कसंबसं तिरकं लोंबकळतंय.

बाबा, इथली माती बरीचशी जिप्समची आहे. शाळेतला खडूच समजा. वर्षाकाठच्या चार सरी ती सोसते, पण एकाच जागी रोज पाणी ओतलं की आतून विरघळत जाते. वरून सगळं ठीक दिसतं आणि एक दिवस पाय आत जातो. खाली त्याच खडूचा दगडासारखा थर, त्यातून चिकूचं मूळ जात नाही. तोच खडू विहिरीच्या पाण्यात उतरतो, म्हणून डाळ शिजत नाही. माझ्या कुकरची बदनामी आता थांबवा.

शेजारच्या धापूकाकी, त्यांच्या मेंढ्या इथे चरतात, खड्डा बघून पदराआड हसल्या. त्यांचं म्हणणं पडलं की या जमिनीला पाणी दाखवायचं असतं, पाजायचं नसतं.

कुरणात काय ठेवलंय, असं विचारलंत. जमिनीवर काळपट, खरखरीत साय धरते. तुम्ही ती घाण समजून खराट्याने झाडून काढलीत, आठवतं? ती जिवंत असते. शेवाळ आणि आपल्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाची भावंडं मिळून ही पिठासारखी माती धरून ठेवतात. खुरांनी साय तुटली की वारा माती नेतो, मग चारा जातो. मी कुंपण घातलेल्या तुकड्यात ती यंदा पुन्हा धरू लागली आहे. हे अर्धवट टाकून यावंसं वाटत नाही. रागावू नका.

कलमाचं काय करू? कुंडी नको म्हणालात, पण इथे जमिनीत ठेवलं तर ते मरेल. लवकर कळवा.

तुमची,
हेमांगी


उमरोळी,
१० मे २०२५

चि. हेमांगीस,
अ. उ. आ.

इतके दिवस उत्तर दिलं नाही, कारण राग आला होता. वाडीत जन्म काढलेल्या माणसाला पाणी कसं घालावं हे लेकीने शिकवलं, त्याचा राग.

आता राग राहिला नाही. गेल्या आठवड्यातल्या अवकाळी वादळात तुझ्या आईचं झाड मुळासकट पडलं. बाकी सगळी उभी आहेत, तेवढंच पडलं. नीलेश फांद्या तोडत होता तेव्हा मी घरात जाऊन बसलो. त्यांतून कलमं काढावीत हे सुचेपर्यंत त्या वाळून गेल्या होत्या.

म्हणजे तिचं म्हणून आता तुझ्याकडचं तेवढंच. आणि ते मी हट्टाने खडूत पुरून आलो. ते आहे की गेलं, सरळ लिही. गोड करून लिहू नकोस. फोनही करू नकोस. गेलं हा शब्द मला कानाने ऐकायचा नाही.

बाबा


बिकानेर,
१७ मे २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

आहे.

एवढंच लिहून पत्र टाकणार होते. आता पुढचं वाचायच्या आधी पाणी प्या. तुमच्या उत्तराची वाट पाहून शेवटी मी तुमची आज्ञा मोडली. धापूकाकींकडे मेंढ्यांना पाणी पाजायचा एक फुटका दगडी हौद पडून होता. त्यात वाळू आणि लेंडीखत भरून कलम लावलं. टाक्यातलं पावसाचं पाणी वाटीने घालते. आई तुरुंग म्हणायची खरी, पण आपण याला माहेरपण म्हणू. त्याला कोवळी पालवी फुटली आहे.

झाड पडल्याचं वाचून मी कुंपणापाशी जाऊन खूप रडले. जूनच्या सुरुवातीला कलम गोणीत बांधून घेऊन येते, आईच्या झाडाच्याच जागी लावू. पण बाबा, मला इथे परत यावं लागेल. खोली रंगवून ठेवली आहे, म्हणून हे आधीच लिहून टाकते.

तुमची,
हेमांगी


उमरोळी,
२६ मे २०२५

चि. हेमांगीस,
अ. उ. आ.

तुझं ‘आहे’ वाचलं. मग सूनबाईला, मेघालीला, माझ्या कानाशी मोठ्याने वाचायला लावलं. तो शब्द कानाने ऐकायचा होता.

खड्डा खणून ठेवलाय. आपल्या वाडीत कामाला येणारा चिंतू म्हणतो, पान्यात इरघळनारी जमीन आमी नाय मानत. त्याच्यासाठी मूठभर माती आण. कुकर आणू नकोस, त्याची माफी मी मनातल्या मनात मागितली आहे.

कलम इथे ठेव आणि तू खुशाल परत जा. तुझ्यामागे बदलीचं टुमणं लावलं, तेही आळं भरून पाणी घालण्यातलंच होतं. पुन्हा तो विषय काढणार नाही. खोलीचा रंग कुठे पळून जात नाही.

झाडाने अंग धरलं की त्याचं एक कलम मी स्वतः बांधीन, तुझ्यासाठी. तेव्हा तो फुटका हौद तेवढा धापूबाईंना परत देऊ नकोस.

लोभ आहेच. त्यालाही वाटीवाटीने का होईना, पाणी घालत राहा.

तुझे,
बाबा