डाव्या पायाच्या ब्रेसची इस्त्री

ता. ५ मार्च, मंगळवार

चि. सौ. वहिनीस ताईचे अ. आ.

तुझ्या त्या ब्रेसवाल्याला एकदा कुणीतरी विचारा, की बाबा रे, तू चालत्या पोरींचे ब्रेस करतोस की कपाटातल्या बाहुल्यांचे? वर्ष नाही झालं आणि डाव्या पायाच्या त्या प्लॅस्टिकच्या ब्रेसला घोट्यापाशी हा एवढा तडा. काल शाळेच्या पायरीवर कट्‌कन आवाज झाला म्हणे. मला लॉंड्रीतून बोलावून घेतलं. मी चादरींचा ढीग तसाच टाकून धापा टाकत पोचले, तर शाळेच्या बाई शांतपणे सांगतात, घाबरू नका, उडालेला तुकडा आम्ही कागदात बांधून ठेवलाय. जसा काही पोरीचा दुधाचा दात पडला!

तुझ्या भिंगरीला काही झालं नाही. पाच वर्षांची आहे पण जीभ तुझ्यावर गेलीय. वर्गभर सांगत सुटली, की पाय शाबूत आहे, नुसतं साल निघालंय. तुझ्या नवऱ्याला फोन लावला. तो ट्रक घेऊन कुठल्या तरी घाटात. म्हणाला, ताई, तूच बघ. माझा भाऊ बोलायला लागल्यापासून हे एकच वाक्य बोलतोय, त्यात नवीन काही नाही.

तू कोर्सला निघालीस तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं माझ्या लक्षात आहे. धड ब्रेसशिवाय तीन आठवडे गेले तर टाच परत वर ओढली जाणार आणि मग ऑपरेशन. चौथीतली एक कविता मला पाठ झाली नाही, पण हे झालंय. तेव्हा काळजी करू नकोस, मी सोय केली आहे. काय केली ते विचारू नकोस. ब्रेस पायात बसतोय, तडा दिसतसुद्धा नाही.

हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तुझ्या होस्टेलात रविवारची दहा मिनिटं मिळतात, त्यातली नऊ भिंगरी खाते. ब्रेसवाल्याचा पत्ता पाठव. शिव्या समोरासमोर दिलेल्या बऱ्या.

माया आहेच, ती मागून घ्यायची पाळी तुझ्यावर आणत नाही.

तुझी नणंद


ता. ८ मार्च, शुक्रवार

ती. ताईंना सा. न. वि. वि.

‘काय केली ते विचारू नकोस’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. ताई, मी विचारते. काय केलीत?

तुम्ही रागवाल, पण तुमच्या हाताला स्वस्थ बसवत नाही हे मी लग्नाच्या पहिल्या आठवड्यात शिकले, माझा नवा शालू तुम्ही ‘जरा सरळ’ केलात तेव्हा. म्हणून स्पष्ट लिहिते. तडा गेलेला ब्रेस चिकटवायचा नाही, तापवायचा नाही, पायात घालायचा नाही. तो काढल्यावर कातडीवर लाल डाग दिसला आणि वीस मिनिटांत गेला नाही, तर समजा की तो पायाला खातोय. आणि एक. त्या ब्रेसची टाच आतल्या बाजूला थोडी कललेली आहे. टेबलावर ठेवला तर डुगडुगतो. ती चूक नाही, तिचा पाय बाहेर कलतो म्हणून मुद्दाम तसा केलाय. तो कल अजून आहे ना? एवढं एक वाक्य लिहिलंत तरी मला झोप लागेल.

तोवर तिला घोट्याच्या वर येणारे जाड बूट घाला. सकाळ-संध्याकाळ गुडघा सरळ धरून पाऊल हळूच वर दाबायचं, वीस आकडे मोजायचे. तिला मोजू द्या, ती बारानंतर एकदम वीस म्हणते, तेवढं बघा. ब्रेसवाल्याचा पत्ता मागच्या पानावर आहे. शिव्या नंतर द्या, आधी माप द्या.

तुमच्या धाकाची इथे फार आठवण येते. तो आहे तसाच असू द्यावा.

आपली वहिनी


ता. १३ मार्च, बुधवार

चि. सौ. वहिनीस अ. आ.

नाही. कल नाही. मी सरळ केला. झोप उडाली असेल तर उडू दे, माझी आधीच उडालीय.

ब्रेस लॉंड्रीत घेऊन गेले होते. वर ओलं कापड टाकलं आणि इस्त्री फिरवली. तडा बुजला. मग टेबलावर ठेवला तर डुगडुगायला लागला, म्हणून टाचही दाबून सरळ केली. तीस वर्षं वाकडं दिसलं की सरळ करते मी, त्याचा पगार घेते. दोन दिवस भिंगरी घालून हिंडली. तिसऱ्या दिवशी घोट्यावर बोराएवढा लाल डाग. संध्याकाळपर्यंत गेला नाही. तेव्हाच काढून ठेवला, तुझ्या पत्राची वाट नाही बघितली, एवढी अक्कल आहे मला. बूट घालतेय, वीस मोजतेय. बारानंतर वीस येऊ देत नाही.

काल तिला घेऊन ब्रेसवाल्याकडे गेले. दुकान म्हणजे एक खोली, भिंतीभर पांढऱ्या पायांचे साचे टांगलेले, अंगावर काटा येतो. त्याने ब्रेस उलटा-सुलटा केला आणि विचारलं, हे कुणी केलं? मी म्हटलं, माझ्या भावाने. ब्रेसवाल्याने टाचेवर बोट ठेवून दाखवलं. माझ्या इस्त्रीच्या कापडाची वीण प्लॅस्टिकवर उमटली होती, अगदी धागान्‌धागा! मग हसून म्हणाला, तुमचे भाऊ इस्त्री छान करतात. मेला.

पण वहिनी, हसून झाल्यावर त्याने वही उघडली. ब्रेस लहान झाला होता, बोटं पुढे येत होती, म्हणून तर तडा गेला. नवं माप द्यायला त्याने तुला जानेवारीतच बोलावलं होतं. तू म्हणालीस, कोर्स संपल्यावर बघू. म्हणजे मला आठ ओळींत धडा देणारी बाई आधी स्वतःच नापास! मी इस्त्री फिरवली ती न कळून. तू तर कळून-सवरून गेलीस. एवढंच बोलते. तिकडची जागा गेली असती, हे मलाही समजतं.

आता मुद्द्याचं. काल माप झालं नाही. साच्यासाठी प्लास्टरची ओली पट्टी पायाला लागली आणि पोरीने जी किंकाळी फोडली, बाहेर बसलेला एक म्हातारा काठी विसरून पळाला. मी धरलं, दटावलं, चॉकलेट दाखवलं, शेवटी ब्रेसवाल्याने स्वतःच्या डोक्यावर पट्टी गुंडाळून दाखवली. तिने पाय झाडला, साचा वाया. तो म्हणतो, दहा मिनिटं पाय दगडासारखा हवा. साचा हलला तर ब्रेस वाकडा, आणि या वेळी सरळ करायला मी नको म्हणे. आता बुधवारी, वीस तारखेला बोलावलंय, माप झालं की चार दिवसांत ब्रेस देतो म्हणे. ती चुकली तर त्याला एप्रिलशिवाय सवड नाही, आणि तीन आठवडे पंचवीसला भरतात. पुढचं तुला सांगायला नको.

तोच म्हणाला, गेल्या वेळी तू तिच्या कानात काहीतरी पुटपुटत होतीस आणि ही मूर्तीसारखी पडून होती. भिंगरीला विचारलं, काय गं सांगत होती आई? म्हणते, ते आईचं आहे, तुला नाही. लाडीगोडी केली, धपाटा दाखवला, तोंड उघडत नाही. खानदानाचा हट्ट, बोलणार कुणाला.

वीसला तुझी परीक्षा आहे. ती टाकून इकडे आलीस तर दारातूनच परत पाठवीन. त्या कोर्ससाठी पोरीचं माप लांबवलंस, आता तो तरी पुरा कर. पण जे काही पुटपुटत होतीस ते अक्षरन्‌अक्षर कागदावर लिही. मोठ्या अक्षरात, मी बोट ठेवून वाचते. गाणं असेल तर गाणं, माझ्या नावाने शिव्या असतील तर त्याही, मोठ्याने वाचीन. फोनवर नको. फोन ठेवला की तुझा आवाज संपतो आणि ही रडायला लागते. कागद तिला दहा मिनिटं हातात धरून ठेवता येईल.

मंगळवारी, एकोणीसला, संध्याकाळच्या टपालाने तो कागद माझ्या हातात पडला पाहिजे. उशीर झाला असली सबब ऐकून घेणार नाही. आजच लिही.

ताई