कुरडयांचं टाइमटेबल

८ एप्रिल १९७४
ऑफिसातलं ट्रेनिंग आज संपलं. विषय: कामाचं नियोजन. सर्टिफिकेट मिळालं. घरी आलो तर अंगणात बायकांचं भांडण. कुरडयांचे गहू वाटायचं मशीन गल्लीत एकच, आमचं, घरं सात. यंदा टाइमटेबल मी करणार. शामला म्हणाली, "काहून? दरसाली तं होऊनच राहिलं." बायकोला ट्रेनिंग नाही, म्हणून राग मानला नाही.

९ एप्रिल, सकाळ
गहू तीन दिवस भिजतात, मगच वाटता येतात. त्या तीन दिवसांत मशीन लागतच नाही! मग प्रत्येकीने वेगळ्या दिवशी भिजवायचे कशाला? सगळ्यांनी आजच भिजवावेत. थांबणं एकदाच. हे आजवर कुणाला सुचलं नाही.
लहान कामं आधी. शेजारच्या इंदुताईंचे गहू सर्वांत जास्त (मुलगी पुष्पलताचं लग्न, रुखवताच्या कुरडया), म्हणून त्या शेवटी. शामला फक्त "बरं" म्हणाली. पटलं असावं.

१२ एप्रिल, गुड फ्रायडे
सुट्टी. मशीनजवळ खुर्ची टाकली. सकाळी सहाला सहा बायका, सहा बादल्या, सगळे गहू तयार. योजना यशस्वी. पण हँडल हाताने फिरवायचं, मग मशीन धुवायचं. संध्याकाळपर्यंत दोनच घरं झाली. पंचफुलाबाई म्हणाल्या, "भाऊजी, गहू का फायलीवानी पडून राहते?" तक्त्यात ऊन धरलं नव्हतं. किरकोळ.
आमचे गहू शामलाने आज भिजवले. मला न विचारता.

१३ एप्रिल
तक्ता सुधारला. हिरवी पेन्सिल. दोन घरं.

१४ एप्रिल
वास. इंदुताईंचा नंबर आला तेव्हा त्यांच्या बादलीत नुसता फेस. म्हशीला घातले. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "जाऊ द्या भाऊजी, तुमी चांगल्यासाठीच केलं." आणि पदराने डोळे पुसले. जेवण गेलं नाही.

१५ एप्रिल
रजा टाकली. शामलाने आमचे सगळे गहू इंदुताईंपुढे ठेवले. "पुष्पीच्या रुखवतात हे घाला." मी सुधारित योजना समजावू लागलो. शामला म्हणाली, "अहो, बोलू नका. हँडल फिरवा."
साडेतीन तास फिरवलं.

१९ एप्रिल
कुरडया कडक वाळल्या, उमरेडच्या एसटीने वऱ्हाडाबरोबर गेल्या. उजवा खांदा वर होत नाही. डाव्या हाताने लिहितोय. निघताना इंदुताई चारचौघांत म्हणाल्या, भाऊजी हँडल मात्र छान फिरवतात. गल्लीने लगेच पुढच्या सालासाठी मला नेमून टाकलं. टाइमटेबल शामला तोंडी सांगेल.