मागच्या दाराचं पान

९ एप्रिल, बुधवार

राणीच्या ब्लाउजला पाठीवर चेन! तीनशे वर्षांपूर्वीच्या गढीत! मी मशीन थांबवून टीव्हीजवळ गेले, डोळे बारीक करून पाहिलं. चेनच. आणि नऊवारीला फॉल-बिडिंग. असलं काम मी दिलं तर गिऱ्हाईक तोंडावर फेकेल.

'गढीची राणी', रोज साडेसातला. गढी आमच्या माहेरची आहे, तेल्हाऱ्याच्या पुढे धामणखेडची. मालिकेत 'धामणगढ' केलंय, पण गावानं कधीच ओळखलं. दिवाण दुधात विष कालवतो, धाकटी राणी मोठीच्या पत्रांवर पाळत ठेवते, दासी दाराला कान लावून उभी. ललित म्हणतो, "इतिहास कमी, तुमचं भजनी मंडळच जास्त!" नवऱ्याला काय, बोलायला पैसे पडत नाहीत.

मी बघते ती सोनाजीसाठी. आमचा मूळपुरुष. वेढा पडला तेव्हा गढीच्या मागच्या दारावर एकटा लढून मेला. गढीखाली त्याचा दगड आहे, आणि अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या दगडाला पहिला हार आमच्या घरचा. आधी आजोबा घालायचे, आता बाबा. बाबा अठ्ठ्याहत्तरचे झाले, गुडघे गेलेत, पण त्या दिवशी धुतलेलं धोतर नेसून निघाले की काठी घरी ठेवतात. यंदा अखाजी तीसला.

११ एप्रिल, शुक्रवार

सोनाजी आला! मिशी खोटी, कडेला डिंक दिसत होता. तरी मला रडू आलं.

१२ एप्रिल, शनिवार

नीट लिहिता येत नाहीये. तरी लिहिते.

सोनाजीनं दार उघडलं. लढला वगैरे काही नाही. मोहरांची थैली घेतली आणि आतून अडसर काढला! शत्रू आत, राणी पडली, मग तोही मेला. इथवर मी म्हटलं असतं, मेले खोटारडे. पण पुढे त्याची म्हातारी आई त्याच्या प्रेतापुढे म्हणते, "तुझं पान पितरांच्या पंगतीत नाही. मागच्या दाराबाहेर, बिननावाचं." आणि अखाजीला ती उंबऱ्याबाहेर एक पत्रावळ ठेवते.

ती पत्रावळ आमच्या घरची आहे! अखाजीला आमच्याकडे पितरांची पानं आत ओळीनं, आणि एक पान मागच्या दाराबाहेर. लहानपणापासून बघतेय. कोणाचं विचारलं की बाबा एकच सांगायचे, "वाटसरूचं." गावात दुसऱ्या कुणाकडे ही रीत नाही. मागे आमचाच गोठा, त्यामुळे बाहेरच्या कुणाला दिसत नाही. मग मुंबईतल्या लेखकाला कशी कळली?

घरातलंच कोणीतरी.

आणि ते पान वाटसरूचं नसेल तर? — नाही. हे वाक्य मी लिहिलंच नाही.

१४ एप्रिल, सोमवार

योगेशचा फोन. माझा धाकटा भाऊ, बाबा त्याच्याकडेच असतात. बाबा पारावर गेले तर पोरं गप्प झाली, आणि पाठ वळल्यावर कोणीतरी म्हणालं, "फितुराचं घर." संध्याकाळी गढी उत्सव समितीचे देवराव पाटील घरी आले. "रामरावजी, रागावू नोका. यंदा हार दुसऱ्या कोनाच्या हातानं घालू. पोरं तं दगडच उखडा म्हनून रायले."

बाबा "पाहू" म्हणाले. बस. पाहू!

मी बाबांना फोनवर घेतलं. "तुमी काही बोलत काहून नाही?"

"काय बोलू बाई?"

फोन ठेवून दिला त्यांनी. असे नव्हते माझे बाबा. मला त्यांचा हार पाहिजे. बाकी कुणाचं काही व्हायचं ते होवो.

१५ एप्रिल, मंगळवार

दिवसभर कापड पुढ्यात घेऊन विचारच करतेय. पान कोणाला माहीत? बाबा, योगेश, योगेशची बायको मोनाली, आणि मी. बाबा जीव देतील पण घरची गोष्ट वेशीवर टांगणार नाहीत. योगेशला दोन ओळी धड लिहिता येत नाहीत.

मोनाली! दिवाळीनंतर बाबांना डोळे दाखवायला अमरावतीला हीच घेऊन गेली होती. दिवसभर गेले आणि परत आले तर चष्मा तोच. तेव्हाच माझ्या मनात आलं होतं. सासऱ्याला दवाखान्याच्या बाकावर बसवून ही कुठे गेली? गेल्या अखाजीला मलाच विचारत होती, "ताई, हे पान कोनाचं वो?" किती भोळा चेहरा!

आणि सगळ्यात मोठा पुरावा. मालिकेत नुसती पत्रावळ आहे. आमच्याकडे त्या पानाशेजारी पाण्याच्या दोन घागरी भरून ठेवतात, दोन. आतल्या पितरांना एकेक, बाहेरच्याला दोन. सांगणारीनं पान सांगितलं, घागरी विसरली. त्या घरात जन्मलेलं माणूस घागरी विसरेल का? अकरा वर्षं नांदूनही जिला अर्धंच घर कळलं, तीच विसरेल.

१७ एप्रिल, गुरुवार

ललित म्हणतो मालिकेतली दासी परवडली, ती निदान एकाच दाराला कान लावते. दिवसभर त्याच्याशी बोलले नाही.

२० एप्रिल, रविवार

धामणखेडला जाऊन आले. सकाळच्या एसटीनं. ऊन असं की बसची खिडकी हाताला चटका देत होती.

आधी आतल्या खोलीत जाऊन पेटी उघडली. घराण्याच्या जुन्या मोडी कागदांचं लाल फडक्यातलं गाठोडं कायम तळाशी असतं. नाही! फडकं होतं, घडी घालून. कागद नव्हते.

मोनाली भाकरी थापत होती. तिचा फोन ओट्यावर. मी उचलला. हो, उचलला, लाज नाही मला. नावं खाली सरकवत गेले आणि सापडलं. 'जीवन सर मालिका'.

बाबा आणि योगेश जेवायला बसले होते तिथेच फोन ठेवला. "हा जीवन कोण?" मोनालीच्या हाताला पीठ तसंच. म्हणाली, "थे मालिकेसाठी माहिती जमा करतेत."

"कागद तूच देल्ले?"

"हाओ. माह्याच हातानं."

मग मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहवत नाही. घरभेदी म्हणाले. तुझ्या आईनं हेच शिकवलं का म्हणाले. तिची आई जाऊन वर्षही नाही झालं. ती रडलीसुद्धा नाही. फक्त बाबांकडे बघत राहिली. माफी मागायला माणूस मोठ्यांकडेच बघतं. बाबांचा घास हातातच राहिला. "पुरे कर, बाई," एवढंच म्हणाले आणि न जेवता उठले. सुनेनं केसानं गळा कापल्यावर माणूस दुसरं काय करणार?

योगेश मला स्टँडवर सोडायलाही आला नाही.

२१ एप्रिल, सोमवार

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तिनं एकदाही "मी नाही" म्हटलं नाही. चोर इतकी सरळ कबुली देतो का?

देत असेल. सावध राहायला पाहिजे.

२३ एप्रिल, बुधवार

रडत बसण्यात अर्थ नाही. समितीला पटवायचं की ही मालिका मुळातच खोटी आहे. कागद घेऊन बसले, मोबाईलवर जुने भाग लावले. ब्लाउजची चेन. फॉल. दिवाणाच्या मनगटावर घड्याळाचा पांढरा पट्टा! धाकट्या राणीच्या पदराला नायलॉनची लेस, ती मी स्वतः विकते. सैनिकांच्या अंगरख्यांना ओव्हरलॉक मशीनची शिलाई. आणि वेढा पडलेला असताना मागे शेत दिसतं, त्यात सोयाबीन! गुडघ्याएवढं, शेंगा धरलेलं! तीनशे वर्षांपूर्वी!

तेवीस चुका झाल्या. आणखी सापडतील.

२६ एप्रिल, शनिवार

एकतीस.

२९ एप्रिल, मंगळवार

जिंकले!

शाळेच्या हॉलमध्ये समितीची बैठक होती. बाई मी एकटीच. यादी वाचायला उभी राहिले, ब्लाउजवर आले तेव्हा लोक हसायला लागले, घड्याळाच्या पट्ट्यावर टाळ्या पडल्या. सोयाबीन ऐकल्यावर देवराव पाटील उठूनच उभे राहिले. "अबे, सोयाबीन तं माह्या डोयासमोर आलं गावात! पह्यली पिशवी मीच आनली होती! हे सारी बनावट हाय!" मी सांगितलं, ज्यांना राणीचं लुगडं कळत नाही त्यांना सोनाजी काय कळणार? पोरांनीही माना हलवल्या. ठरलं. दगड राहणार, पहिला हार बाबांचाच.

पानाबद्दल मी अर्थातच काही बोलले नाही.

बाबा मागच्या बाकावर होते. मी त्यांच्याकडे बघून हसले, ते हसले नाहीत. थकले असतील. आज मुक्काम माहेरीच आहे. मोनालीनं ताट वाढलं, मी तिच्याकडे बघितलं नाही.

३० एप्रिल, बुधवार. अखाजी

बाबांनी हार दगडाला घातलाच नाही. हातात धरून गावकऱ्यांकडे वळले. "ब्लाउज खोटं हाय, सोयाबीन खोटं हाय. दार उघडलं थे खरं हाय. मोहरा नोयत्या. गढीतली हीर आटली होती, अकरा दिवस लेकरायले पानी नोयतं. म्हनून उघडलं त्यानं. मोडीत लिवलं हाय, अमरावतीले वाचून घेतलं म्या. कागद म्याच द्यायले लावले. म्हटलं, सारं आयकतीन तं त्याचं पान आत घेता येईन. मालिकेवाल्यायनं दार ठेवलं अन् पानी टाकून देल्लं. मंग माही जीभच उठे ना, अन् माह्यापायी सुनेनं आयकून घेतलं." हार देवरावांच्या हातात दिला आणि काठीशिवाय घराकडे चालू लागले. मग देवरावांनीच तो सोनाजीला घातला.

दोन घागरी. एक त्याची, एक लेकरांची.

घरी बाबांनी बाहेरचं पान उचलून आत पितरांच्या ओळीत मांडलं. मला आत जाववेना. मागच्या दाराबाहेर, त्या रिकाम्या जागेशीच बसून राहिले. मोनाली दोन्ही घागरी भरून आत ठेवून आली, आणि उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ताई, आत या. पान वाढलं."