ओली गोणपाटं

मी खाली सही करणारी, वय बावन्न, शिक्षण चौथी, धंदा सिमेंटची शिल्पं करणे. डोकं ठिकाणावर आहे. कुणाचा दबाव नाही. माझ्यावर दबाव टाकून बघितलेली माणसं या गल्लीत अजून आहेत, त्यांना विचारावं. यापूर्वी मी कुठलंही मृत्युपत्र केलेलं नाही. वेळ नव्हता.

उद्या सकाळी माझ्या छातीचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही, आणि लगेच दोन कागदांवर सह्या घेतल्या. म्हणून हा तिसरा कागद मी माझ्या हाताने लिहिते आहे. वकिलाने छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर होतं, जंगम होतं, माझं काहीच नव्हतं. त्याने एवढं बजावलं की दोन साक्षीदार लागतात, आणि जो साक्षीदार होईल त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. दिलेलं असलं तरी रद्द होतं. एक साक्षीदार नर्सरीवाला, तो समोर बसला आहे. दुसरी पिठाच्या गिरणीवाली, ती येते म्हणाली आहे. नर्सरीवाल्याला म्हटलं, "तुम्हाला यातून काही मिळणार नाही. चहा काय तो आत्ताच प्या." तो म्हणाला, "बाई, आजवर तुमच्याकडून मिळालंय काय? शिव्याच." खरं आहे.

कलम एक. दोन खोल्या, मागचं अंगण आणि पत्र्याची शेड. हे घर माझ्या नवऱ्याने बांधलं. तो गवंडी होता आणि घमेली मी वाहिली. तो गेल्यावर कागद माझ्या नावावर झाले. हे सगळं माझ्या एकुलत्या एक लेकीला. विकावं की ठेवावं ते तिचं ती बघेल. मेल्यावर मी कुणाच्या बोकांडी बसणार नाही. मागच्या खेपेला जावयाने अंगणात उभं राहून विचारलं, "आई, हे सगळं एका ट्रकमध्ये मावेल का हो?" मी म्हटलं, "मला धरून की सोडून?" लेकीने त्याला कोपर मारलं. त्याचा मला राग नाही, प्रश्न बरोबरच होता. पण कलम पाच पुरं होईपर्यंत अंगणातलं काही हलवायचं नाही.

कलम दोन. बँकेत जे असेल ते दवाखान्याचं बिल भागवून उरलं तर लेकीला. दागिना म्हणावा असा एकच होता, तो शेडच्या पत्र्यात गेला.

कलम तीन. नर्सरीत विकायला ठेवलेला माल, म्हणजे पक्ष्यांची पाणी प्यायची भांडी, बाक, दिव्यांचे खांब. यावरच घर चाललं. तो विकला जाईल तसे पैसे लेकीला द्यावेत. त्यातच माझे नुसते आकारही आहेत, ते कुणी घेत नाही. नर्सरीवाल्याने एकदा "हे कासव आहे" असं ठोकून देऊन त्यातला एक खपवला. चार दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं, "याला डोकं बसवून द्या." यापुढे विकताना कासव, बदक, मायलेक असलं काही सांगू नये. आकार आहे म्हणावं. नाही घेतलं तर राहू दे. मी या कामात पडल्यापासून लोक मला एकच विचारतात, हे काय आहे. सांगून सांगून जीभ झिजली. आता थकले. मेल्यावर तरी ते सांगायला लागू नये.

कलम चार. सात नंबर. माझ्या कामांना मी नावं देत नाही, नंबर देते. सात नंबर कमरेएवढा आहे, शेडच्या दाराशी उभा असतो. त्याच्या मधोमध आरपार भोक होतं. समोर उभं राहिलं की पलीकडचा उजेड आकाराच्या पोटात येऊन बसायचा. एक अख्खा उन्हाळा मी त्या भोकाची कड घासत होते. मग वाचनालयाच्या हॉलमध्ये पहिल्यांदा मला प्रदर्शनाला जागा मिळाली. आदल्या संध्याकाळी माल टेम्पोत चढवायला माझा दीर आला. नवऱ्याचा धाकटा भाऊ, तोही गवंडी, भिंतीला भिंत लावून राहतो. मी दोरखंड आणायला बाजारात गेले, परत येईपर्यंत त्याने सगळं कापडात गुंडाळून ठेवलं होतं. सकाळी हॉलमध्ये कापड काढलं तर भोक नाही. सफाईने बुजवलेलं, वरून गवंड्याचा रंधा फिरवलेला, शोधून सापडू नये असा.

"भावजी, हे काय केलंत?"

"वहिनी, पार आरपार गेलं होतं. चार लोकांत तुमची अब्रू गेली असती."

एवढ्यावर निभावलं असतं. पण हॉलवाल्या मॅडम सात नंबरसमोर हात बांधून उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "केवढा संयम आहे यात!" आणि पहिलं बक्षीस त्यालाच दिलं. माझ्या बाकीच्या कामांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. ते प्रशस्तिपत्र न्हाणीघराच्या खिडकीची काच फुटली आहे तिथे लावलंय. वारा अडतो.

तेव्हापासून मी दिराशी बोलले नाही. नवरा गेला तेव्हाही नाही. भिंतीच्या पलीकडे तो खोकतो, अलीकडे मी खोकते, एवढंच काय ते येणंजाणं. तर सात नंबर दिराला द्यावा. माझं त्यात निम्मंच आहे.

कलम पाच. अंगणात नवं काम उभं आहे, दाराएवढं उंच. ते गावच्या बागेच्या फाटकाशी बसवायचं आहे, कमिटीने तसं ठरवलंय. याच्याही मधोमध भोक आहे, एक पोर वाकून पलीकडे जाईल एवढं. मुलांनी त्यातून जावं, यावं, लोंबकळावं. माळ्याने हाकलू नये. माझ्या नावाची पाटी लावू नये. आजवर केलेलं सगळं गिऱ्हाइकांच्या कुंपणाआड गेलं, येणाऱ्याजाणाऱ्याच्या वाटेत उभं राहणारं हे एकच.

लोकांना वाटतं सिमेंट थापलं की काम झालं. काम तिथून पुढे असतं. ते नीट धरेपर्यंत ओलं ठेवावं लागतं, भोवती गोणपाटं गुंडाळून सकाळ, दुपार, संध्याकाळ पाणी मारावं लागतं. एक दिवस चुकला, ऊन लागलं, की तडा. हे काम अजून कच्चं आहे आणि उद्यापासून मी दवाखान्यात. लेक लांब राहते, तिची नोकरी आहे. नर्सरीवाल्याला स्वतःच्या रोपांना पाणी घालायला माणूस मिळत नाही. हे तडकलं तर मी उद्या वाचले काय आणि न वाचले काय, सारखंच.

परवा तपासणीहून धापा टाकत घरी आले, मनात म्हटलं आता दुपारचं पाणी चुकलं. बघते तर गोणपाटं ओलीगच्च. भिंतीवरून पाइप लोंबत होता, पलीकडचा. काल पुन्हा तेच. आजही.

पाण्यासाठी माझा त्याच्यावर भरवसा आहे. हातासाठी नाही. भोक दिसलं की त्याचा हात आपोआप थापीकडे जातो. त्याचा दोष नाही, जन्मभर लोकांच्या भिंतींची भोकं बुजवूनच त्याने पोट भरलं. म्हणून पुढचं कलम.

कलम सहा. माझी सगळी हत्यारं, छिन्न्या, चाळणी, रंधे, घमेली, पाण्याचा पंप, दिराला. अट एक, की नवं काम बागेत जाईपर्यंत त्याने पाणी मारावं. अट दुसरी, की तोवर छोटी थापी लेकीने स्वतःकडे नेऊन ठेवावी.

कलम सात. माझ्यामागे सभा घेऊ नये. हॉलवाल्या मॅडमना बोलू देऊ नये. संयम हा शब्द कुणी काढलाच तर त्याला सात नंबरसमोर उभं करावं आणि त्यात निम्मं काम कुणाचं ते सांगावं.

इथवर लिहून झालं आणि निरोप आला की गिरणीचा पट्टा तुटला, गिरणीवाली येत नाही. तेवढ्यात दीर संध्याकाळचं पाणी मारायला आला. नर्सरीवाल्याच्या पोटात काही राहत नाही. त्याने कलम चार आणि कलम सहा मोठ्याने वाचून दाखवलं, थापीसकट. दिराने पंच्याला ओले हात पुसले न पुसले.

"दुसरा साक्षीदार कुठाय?"

"गिरणीवाली येत नाही," नर्सरीवाला म्हणाला.

"मग मी करतो सही."

नर्सरीवाला ओरडला, "अहो, सही केलीत तर हत्यारं गेली! सात नंबरही गेला!"

"हत्यारं आहेत माझ्याकडे. सात नंबर इथंच बराय." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, पाणी मारायला मला कागद कशाला लागतो?"

इतक्या वर्षांनी मी त्याच्यापुढे कप ठेवला. म्हटलं, "बसा. चहा आहे."

त्यामुळे कलम चार आणि सहामध्ये दिराला दिलेलं सगळं आता लेकीला. सात नंबर तिने फोडू नये, भोक उकरून काढायलाही जाऊ नये. आहे तसा राहू दे.

मी सही केली, नर्सरीवाल्याने केली, मग दिराने केली आणि चहा अर्धा टाकून तो अंगणात गेला. पाइपाचा आवाज सुरू झाला. थोड्या वेळाने हाक आली, "वहिनी, भोकाच्या आतनंही गोणपाट लावायला पाहिजे. वारा आरपार जातो, तिथंच आधी सुकणार."

हे मला माहीत होतं. सकाळीच लावणार होते, दम लागला म्हणून राहिलं. म्हटलं, "लावा."

छोट्या थापीची अट खोडली आहे.

ठिकाण: मागचं अंगण, शेडखाली.
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस. आकडा वकिलाने घालावा.

सही: मृत्युपत्र करणारी, स्वहस्ते.
साक्षीदार एक: नर्सरीवाला. यात त्याला काही नाही.
साक्षीदार दोन: माझा दीर, गवंडी. हात ओले होते म्हणून शाई पसरली आहे. सही त्याचीच आहे.