बिघडण्याचा शब्द

७ मार्च
पहिला स्पॅनिश शब्द शिकले. आवेरिआर्से. म्हणजे यंत्र बिघडणे, बंद पडणे. नमस्कार, आभार वगैरे नंतर. साहेब म्हणाले, आधी कामाचं शिका. साबण गुंडाळायचं मशीन स्पॅनिश, ते बनवणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक फोनवर स्पॅनिशच बोलतो — आणि आमच्या कारखान्यात रोज उपयोगी पडेल असा शब्द हाच. पहिल्या पाळीची इन्चार्ज म्हणून शिकायची पाळीही माझीच!

८ मार्च
शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं, हा शब्द यंत्रांनाच लावायचा. माणसांना नाही. जेवताना नवऱ्याकडे बघून उगाच हसू आलं.

११ मार्च
आमच्याकडची रीत अशी — मशीन ज्याच्या पाळीत बंद पडेल, खापर त्याच्या डोक्यावर. काय मोडलं हे साहेब विचारत नाहीत, कोणी मोडलं ते विचारतात. त्यामुळे दुरुस्तीच्या भानगडीत कोणी पडत नाही. पाळी संपेपर्यंत मशीनला गोंजारायचं आणि कुरकुरत असलं तरी पुढच्याच्या गळ्यात मारायचं.

पुढच्या पाळीचा इन्चार्ज म्हणजे माझा नवरा. रोज दुपारी मशीनपाशी भेट होते. "कसं आहे?" "मस्त." घरीही आमचं एवढंच बोलणं होतं.

१४ मार्च
मशीनच्या पोटात घरघर. साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून सुनावलं, "आता ज्याच्या पाळीत बंद पडेल, त्याची इन्चार्जगिरी गेली." झोपताना नवरा म्हणाला, "तू जपून हं." बरं वाटलं.

१५ मार्च
घरघर नाही! नवरा म्हणतो, "बघ, आपोआप बरं झालं."

१८ मार्च
दुपारी जळका वास आला. पाळी संपायला थोडाच वेळ होता. मशीन नुसतं फिरत ठेवलं असतं, तर नवऱ्याच्या गळ्यात पडलं असतं. पण इन्चार्ज व्हायला तो किती वर्षं झुरला, ते मला माहीत आहे. लाल बटण दाबलं.

साहेब धावत आले. "कोणी केलं?" मी म्हटलं, मी.

मग फोनवर मेकॅनिक. मी म्हटलं, से आवेरिओ. बिघडलंय. त्याने विचारलं, कुठला भाग? आवाज कधीपासून? म्हणाला, थांबवलंत ते चांगलं केलंत. कोणी केलं, हे त्याने विचारलंच नाही. मला रडूच आलं.

साहेबांनी माझा बिल्ला काढून घेतला. दोन्ही पाळ्या आता नवऱ्याकडे. रात्री त्याने माझा हात हातात घेतला. "माझ्यासाठी केलंस ना?" त्याचे डोळे भरून आले होते. माझेही.

२० मार्च
दुरुस्तीसाठी मशीन उघडलं. कव्हरच्या आत, आवाज दबावा म्हणून, कापड घट्ट कोंबलेलं. अर्धं करपलेलं. ओढून काढलं. निळ्या चौकटीचा रुमाल. एका कोपऱ्यावर इस्त्रीचा डाग, तो मीच पाडला होता.

धुऊन, घडी घालून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवला. हा कोणाचा, असं त्याने विचारलं नाही. "कुठे सापडला?" एवढंच म्हणाला.

बाईंना सांगायला हवं. हा शब्द माणसांनाही लागतो.